फुफ्फुसाला कळतं कसं? (छातीतले रिसेप्टर आणि माझा चार महिन्यांचा खोकला)

तळटीप

चार महिने मी खोकत होतो. कोरडा खोकला, घशात पीस अडकल्यासारखा. कफ नाही, ताप नाही, एक्स-रे स्वच्छ. बोलायला तोंड उघडलं की ठसका, आडवं पडलं की ठसका. खोकल्याच्या दोन बाटल्या आणि अँटिबायोटिकचा एक कोर्स पोटात गेला, वाफा झाल्या, गुळण्या झाल्या. शेवटी एका तरुण डॉक्टरबाईंनी स्टेथोस्कोप कानाला लावायच्या आधीच विचारलं, "काका, ब्लडप्रेशरची गोळी कुठली घेता?" नाव सांगितलं. त्याच्या शेवटी 'प्रिल' आहे हे ऐकून त्या नुसत्या हसल्या.

लाज वाटायचं कारण असं, की मी आयुष्यभर शरीरक्रियाशास्त्र शिकवलंय. हाच खोकला फळ्यावर बाण काढून काढून समजावलाय. 'प्रिल' गटातल्या गोळ्या एसीई नावाचं विकर (एन्झाइम) बंद पाडतात, म्हणून रक्तदाब उतरतो. पण तेच विकर ब्रॅडिकायनिन नावाच्या पदार्थाचीही विल्हेवाट लावत असतं. विकर बंद, की ब्रॅडिकायनिन श्वासमार्गात साठतं, तिथल्या मज्जातंतूंच्या टोकांवरच्या ग्राहींना, म्हणजे खबर टिपणाऱ्या रचनांना, चिकटतं आणि त्यांना हळवं करून ठेवतं. मग एरवी ज्याची दखलही घेतली नसती अशा गार हवेच्या झुळकीलासुद्धा ते खोकल्याने उत्तर देतात. म्हणजे फुफ्फुसाला काही झालेलंच नसतं. बिघाड असतो तो त्याच्या 'कळण्यात'.

या निमित्ताने जुन्या वह्या काढल्या, म्हणून हा धागा. ग्राही म्हणा, रिसेप्टर म्हणा. मी दोन्ही वापरणार आहे, भाषाशुद्धीवाल्यांनी हलकेच घ्या.

सुरुवात एका विचित्र गोष्टीपासून. फुफ्फुसाच्या गाभ्याला दुखत नाही. दीर्घ श्वास घेताना जी कळ येते ती बरगड्यांच्या आतल्या अस्तराची. पण दुखत नाही म्हणजे कळत नाही, असं नाही. मोठ्या श्वासनलिकांच्या स्नायूंत ताणग्राही असतात. फुफ्फुस भरत चाललं की ते व्हेगस मज्जातंतूतून मेंदूला 'पुरे' असं कळवतात आणि श्वास घेणं थांबतं. हेरिंग आणि ब्रॉयर यांनी ही प्रतिक्षिप्त क्रिया १८६८ मध्ये मांडली. तान्ह्या बाळात ती जोरात चालते, मोठ्या माणसात बरंच मोठं श्वसन चालू असेल तरच. दुसरे प्रक्षोभग्राही: धूर, धूळ, तिखट वाफ यांवर चवताळणारे. स्वरयंत्रात आणि श्वासनलिका दुभंगते त्या जागी त्यांची दाटी. वायुकोशांत मात्र खोकला उठवणारी टोकं नाहीत.

आणि तिसरे माझे लाडके, जे-रिसेप्टर. वायुकोशाच्या भिंतीत, केशवाहिनीला अगदी खेटून. ते शोधले अवतार सिंग पैंतल यांनी, १९५५ च्या सुमारास. पुढे दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटचे संचालक झाले ते हेच. हृदय थकलं आणि फुफ्फुसाच्या केशवाहिन्या तुंबून बाहेर पाणी झिरपू लागलं, की हे ग्राही जागे होतात. श्वास उथळ आणि भरभर होतो. पैंतल यांचं म्हणणं त्याही पुढचं होतं: हेच ग्राही हातापायांच्या स्नायूंना ढिलं पाडतात, म्हणजे दमलेल्या माणसाला खाली बसायला लावतात. मला ही कल्पना फार आवडते. फुफ्फुस पायांना सांगतं, आता चालू नका.

हे झाले मज्जातंतूंचे ग्राही. पेशींवरचे रासायनिक ग्राही हा याहून मोठा पसारा. प्रश्न आले तर लिहीन.

(गोळी मनाने बंद करू नका. माझीही डॉक्टरांनीच बदलून दिली आहे.)

---

चक्रमादित्य

लेख वाचता वाचता तीनदा श्वास रोखून पाहिला. बायको विचारतेय काय झालं.

आता शंका. श्वास रोखला की चाळीसेक सेकंदांनी जी घालमेल होते, ती यातल्या कुठल्या रिसेप्टरची? ऑक्सिजन संपल्याचं फुफ्फुसाला कळतं का?

---

तळटीप

@चक्रमादित्य, नाही, आणि पुष्कळांचा इथेच गोंधळ होतो. रक्तातला ऑक्सिजन मोजणारे ग्राही मानेतल्या कॅरोटिड धमनीपाशी असतात. कॉर्नेल हेमान्स यांना १९३८ चं नोबेल त्याबद्दलच मिळालं. कार्बन डायऑक्साइडची मुख्य मोजणी मेंदूच्या देठाजवळ होते. तुमची घालमेल बरीचशी त्या कार्बन डायऑक्साइडची.

बरीचशी, पण सगळी नाही. १९५४ मध्ये फाउलर नावाच्या संशोधकाने एक सुंदर प्रयोग केला. माणसांना श्वास रोखायला लावलं. 'आता फुटतो' म्हणायची वेळ आली की त्यांना काही श्वास घेऊ दिले, पण मुद्दाम खराब हवेचे: ऑक्सिजन कमी, कार्बन डायऑक्साइड भरपूर. रक्ताची स्थिती काडीची सुधारली नाही. तरी त्यांना हायसं वाटलं आणि पुन्हा श्वास रोखता आला! म्हणजे नुसती छाती हलली, फुफ्फुस ताणलं गेलं, एवढ्यानेच घालमेल उतरली.

त्या ताणग्राहींचा रेणूही आता हाती लागला आहे. पिएझो-२ नावाची प्रथिनाची झडप. पेशीचा पडदा ताणला की उघडते. हिच्या शोधाबद्दल आर्डेम पटापुटियन यांना २०२१ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. ती झडप काढून टाकलेल्या उंदरांत हेरिंग-ब्रॉयरची 'पुरे' ही सूचना नीट पोचत नाही.

---

निळी शाई

माहितीपूर्ण. माझा दमा वयाच्या सातव्या वर्षापासूनचा, त्यामुळे जरा स्वार्थी प्रश्न.

माझ्याकडे दोन पंप असतात. एक त्रास झाला की घ्यायचा, दुसरा रोज. पहिला पाच मिनिटांत छाती मोकळी करतो, हात मात्र थरथरतात. दुसऱ्याने काही झाल्यासारखं वाटतच नाही. मागे मी दुसरा सरळ बंद केला होता आणि पहिल्यावर भागवत होते. आधी दिवसाकाठी दोनदा, मग चारदा, मग आठ-दहादा. एका पहाटे तो घेऊनही छाती उघडेना. पलंगाच्या कडेला दोन्ही हात टेकून बसले होते, पंप हलवून पाहत होते की संपलाय का. संपला नव्हता, चांगला भरलेला होता. त्या दिवशी दवाखान्यात दाखल व्हावं लागलं. असं का होतं हे मला आजवर कुणी धड सांगितलेलं नाही, नुसतं ओरडले सगळे.

---

तळटीप

@निळी शाई, ओरडणाऱ्यांनी हे सांगायला हवं होतं.

पुस्तकात ग्राहीचं वर्णन 'कुलूप-किल्ली' असं असतं. मीही तसंच शिकवलं. पण ती उपमा अर्धीच खरी. कुलूप दारावर तसंच राहतं. ग्राही राहत नाही. तो थकतो, पेशी त्याला आत ओढून घेते, नवे तयार करते.

पहिल्या पंपातलं साल्ब्युटामॉल बीटा-२ ग्राहीवर बसतं. अ‍ॅड्रिनलीनला दोन प्रकारचे ग्राही असावेत, अल्फा आणि बीटा, हे रेमंड आल्क्विस्ट यांनी १९४८ मध्ये सुचवलं तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नव्हतं. १९६७ मध्ये बीटाचेही दोन भाग पडले: हृदयात मुख्यतः बीटा-१, श्वासनलिकांच्या स्नायूंत बीटा-२. त्यामुळे हृदयाला फारसं न डिवचता श्वासनलिका सैल करणारं औषध बनवता आलं. पण बीटा-२ हातांच्या स्नायूंतही असतात, तुमची थरथर तिथली.

ग्राही पेशीच्या पृष्ठभागावर आहे, निरोप लगेच आत जातो, स्नायू मिनिटांत सैलावतो. मात्र तीच थाप दिवसात दहादा पडू लागली की पेशी ग्राहीवर रासायनिक खूण करते, अरेस्टिन नावाचं प्रथिन त्याला झाकतं आणि ग्राही आत ओढला जातो. ही यंत्रणा उलगडणाऱ्या लेफकोविट्झ यांना कोबिल्का यांच्यासोबत २०१२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तुमचा पंप भरलेला होता, पण प्रतिसाद द्यायला पृष्ठभागावर पुरेसे ग्राही उरलेले नसणार.

त्या पहाटेचं हे एकच कारण नव्हे, किंबहुना मोठं कारण दुसरंच. साल्ब्युटामॉल फक्त स्नायू सैल करतं, सूज उतरवत नाही. महिनाभर अस्तर सुजत गेलं होतं आणि वरवरच्या आरामामुळे ते झाकलेलं राहिलं.

दुसऱ्या पंपातल्या स्टिरॉइडचा ग्राही पेशीच्या आत असतो. औषध आत शिरतं, ग्राहीला घेऊन केंद्रकात जातं आणि कुठली जनुकं वाचायची, कुठली गप्प करायची ते बदलतं. त्याचा परिणाम दिसायला तास लागतात, दिवस लागतात. म्हणून 'काही झाल्यासारखं वाटत नाही'. गंमत म्हणजे ते जी जनुकं चालू करतं त्यांत बीटा-२ ग्राहीचंही असतं! म्हणजे रोजचा पंप आणीबाणीच्या पंपासाठी ग्राही बनवून ठेवतो.

---

निळी शाई

शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. हे मला पंधरा वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर मी तो पंप कधीच सोडला नसता.

---

रातवा

छातीच्या विभागात रात्रपाळ्या करते, म्हणून थोडी भर.

तळटीप काका म्हणतात ते आता नियमावलीतही आलं आहे. दम्यासाठीच्या 'जीना' या जागतिक मार्गदर्शक तत्त्वांनी २०१९ पासून नुसत्या झटपट आरामाच्या पंपावर दमा सांभाळू नका असं स्पष्ट सांगितलं. सोबत स्टिरॉइड हवंच, भले ते त्रास झाल्यावर घ्यायच्या पंपातच मिसळलेलं असो.

दुसरी बाजू राहिली. बीटा-२ सैल करतो, तर आवळतो कोण? व्हेगसच्या टोकांतून ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं आणि स्नायूवरच्या एम-३ ग्राहीवर बसतं. नळी आवळते, कफ सुटतो. त्याच मज्जातंतूच्या टोकावर एम-२ ग्राही असतो आणि त्याचं काम उलटं: 'पुरेसं सुटलं, आता थांब'. म्हणजे गाडीत ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर दोन्ही एकाच इंधनावर. दोघांनाही सारखंच अडवणारं औषध ब्रेकही काढून टाकतं. टायोट्रोपियम या पंपातल्या औषधाचं वैशिष्ट्य असं, की ते दोघांवर बसतं, पण एम-२ वरून लवकर सुटतं आणि एम-३ ला तासन् तास चिकटून राहतं. म्हणून सीओपीडीच्या (श्वासमार्ग कायमचे अरुंद होण्याच्या जुनाट आजाराच्या) रुग्णाला दिवसातून एकदा पुरतं. धोत्र्याची पानं ओढून दम्याला उतार पडतो हे जुन्या लोकांना ठाऊक होतं, त्यामागेही हेच: धोत्र्यातलं अ‍ॅट्रोपीन. (आज कुणी करू नका. भ्रम, धडधड आणि आणखी बरंच काही पदरात पडतं.)

आणि एक प्रसंग. दमा पूर्ण आटोक्यात असलेल्या एक आजी दोन आठवड्यांत तिसऱ्यांदा धाप घेऊन आल्या. पंप नीट घेत होत्या, नवी गोळी नाही, घरात धूळ नाही, काही नाही. निघताना पदराच्या गाठीतून एक छोटी बाटली काढून डोळ्यांत थेंब टाकायला लागल्या. काचबिंदूचे थेंब, टिमोलॉल. बीटा ग्राही अडवणारं औषध! डोळ्यातून नाकात, नाकातून रक्तात, रक्तातून श्वासनलिकेत. त्यांना कुणी 'औषध कुठलं घेता' विचारलं की त्या गोळ्यांची नावं सांगायच्या. थेंबांना औषध कोण म्हणतं?

---

भरती-ओहोटी

धागा मस्त चाललाय. एक जुना प्रश्न. करोनाच्या वेळी सगळीकडे 'एसीई-२' ऐकलं होतं. ही ती तळटीप काकांची एसीईच का? आमच्या घरी तेव्हा सासऱ्यांनी घाबरून बीपीची गोळी बंद केली होती.

---

रातवा

नात्यातलं विकर आहे, पण तेच नव्हे. २००० मध्ये सापडलं. एसीई जे रक्तदाब चढवणारं अँजिओटेन्सिन-२ बनवतं, ते एसीई-२ मोडतं. 'प्रिल' गोळ्या एसीई-२ ला अडवत नाहीत. या गोळ्यांनी एसीई-२ वाढेल आणि विषाणूला दारं जास्त मिळतील अशी भीती २०२० मध्ये पसरली खरी. पण नंतर झालेल्या चाचण्यांत गोळी थांबवून काही फायदा दिसला नाही. तुमचे सासरे एकटे नव्हते, तेव्हा गोळी सोडून रक्तदाब चढवून आलेले बरेच पाहिले.

हे मात्र खरं, की पेशीच्या दृष्टीने एसीई-२ हा विषाणूचा ग्राही मुळीच नाही. ते तिचं रोजचं कामाचं विकर. विषाणूने त्याचा कडीसारखा उपयोग केला इतकंच.

फ्लूची गोष्ट याहून सुरस आहे. तो प्रथिनाला नव्हे, तर पेशीवरच्या शर्करा-साखळीच्या टोकाला असलेल्या सायलिक आम्लाला धरतो. ते आम्ल साखळीला दोन तऱ्हांनी जोडलेलं असतं. माणसाच्या नाका-घशात एक तऱ्हा जास्त, पक्ष्यांच्या आतड्यात दुसरी. माणसांच्या फ्लूला पहिली आवडते, बर्ड फ्लूला दुसरी. पण ती दुसरी तऱ्हा आपल्याकडेही आहे, फक्त खोलवर वायुकोशांपाशी. म्हणून बर्ड फ्लू माणसाला सहसा लागत नाही. लागला तर थेट खाली बसून भयंकर न्यूमोनिया करतो. आणि वरच्या मार्गात नसल्याने एकाकडून दुसऱ्याकडे सहज उडत नाही. तिन्ही गोष्टींमागे एका रासायनिक बंधाचा मोठा हात आहे.

---

चक्रमादित्य

अवांतर: कडू चवीचे रिसेप्टर फुफ्फुसात असतात असा एक फॉरवर्ड आला होता. कडू काढ्याची वाफ घेतली की दमा बरा, असं त्यात होतं. थाप असणार ना?

---

तळटीप

अर्धी थाप, अर्धं नवल. ग्राही खरंच आहेत. २००९ मध्ये ते श्वासमार्गाच्या हलत्या रोमकांवर (केसांसारख्या सूक्ष्म तंतूंवर) सापडले: कडू पदार्थ लागला की रोमक जोरात झाडू लागतात. २०१० मध्ये श्वासनलिकांच्या स्नायूंवरही सापडले. संशोधकांची अपेक्षा होती की कडू म्हणजे विष, तेव्हा नळी आवळेल. झालं उलटं, ती सैलावली, आणि चांगलीच! अनेक जिवाणूंच्या स्रावांना हे ग्राही ओळखतात; तेव्हा कडू हा जिभेचा प्रांत असं आपणच ठरवलं होतं, शरीराने नव्हे.

पण प्रयोगशाळेत वापरलेली मात्रा बरीच मोठी असते. आणि काढ्याची वाफ घेताना कडू द्रव्यं बहुतेक भांड्यातच राहतात, वर येतं ते पाणी आणि सुगंधी तेलं. तीच तेलं एखाद्या दमेकऱ्याचे प्रक्षोभग्राही खवळवतील. फॉरवर्ड पाठवणाऱ्याला नमस्कार सांगा.

---

ओसरी

इतके दिवस नुसती वाचत होते. एक राहिलेला रिसेप्टर मी सांगते, कारण तो आमच्या घरात दोन वर्षं जेवणाच्या टेबलावर बसलेला होता. ईजीएफआर.

मावशीने जन्मात सिगारेट ओढली नाही. खोकला, मग पाठदुखी, मग स्कॅन. फुफ्फुसाचा कर्करोग, पसरलेला. तुकडा तपासायला गेला आणि डॉक्टर म्हणाले, एका अर्थी नशीब आहे. मला तेव्हा त्यांचा राग आला होता. नंतर समजलं. हा ग्राही पेशीला 'वाढ' असं सांगतो, पण बाहेरून संदेश आला तरच. तिच्या गाठीत त्या ग्राहीच्या जनुकात बदल झालेला होता. संदेश नसतानाही तो चालूच. काका म्हणतात त्या कुलपाच्या भाषेत, उघडंच अडकलेलं कुलूप. हा बदल धूम्रपान न करणाऱ्यांत, बायकांत, आशियाई लोकांत जास्त दिसतो. २००४ मध्ये तो सापडेपर्यंत या गोळ्या काहींनाच का लागू पडतात, ते कुणाला कळत नव्हतं.

रोज एक गोळी. केमो नाही. तोंडावर पुरळ आलं, कारण हाच ग्राही त्वचेतही असतो. पुरळ म्हणजे गोळी पोचतेय, असं आम्ही स्वतःला सांगायचो. तेरा महिने ती बाजारहाट करत होती. मग गाठ पुन्हा वाढली. पुन्हा तपासणी, आणि ग्राहीत आणखी एक बदल, टी७९०एम. पहिली गोळी आता तिथे नीट बसत नव्हती. त्या बदलासाठीचीही वेगळी गोळी निघालेली होती. आणखी अकरा महिने मिळाले.

एवढंच. चुकीचं काही लिहिलं असेल तर सांगा.

---

रातवा

काही चुकलेलं नाही, ताई.

---

निळी शाई

@ओसरी 🙏

विषय बदलते, माफ करा. फुफ्फुसाचं प्रत्यारोपण झालं की हे सगळे मज्जातंतू तुटत असतील ना? मग त्या माणसाला श्वास घ्यायचं कळतं कसं?

---

रातवा

उत्तम प्रश्न. व्हेगसच्या फांद्या तुटतातच, त्या जोडता येत नाहीत. तरी श्वासाचा ताल जवळपास नेहमीसारखा चालतो, कारण ताल मेंदूच्या देठात आहे आणि छातीच्या स्नायूंच्या नसा शाबूत असतात. पेशींवरचे बीटा-२, एम-३ वगैरे ग्राहीही जागच्या जागी असतात, त्यामुळे पंप चालतात.

जातो तो खोकला. प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाची दुर्बिणीने तपासणी मी एकदा पाहिली. नळी स्वतःच्या श्वासनलिकेत होती तोवर माणूस उसळून उसळून खोकत होता. टाक्यांची रेषा ओलांडली, नळी दात्याच्या फुफ्फुसात शिरली, आणि एकदम शांत. भिंतीला टोक लागतंय, पाणी सोडताहेत, पडद्यावर कफ दिसतोय, आणि चेहऱ्यावर काही नाही. जसं काही दुसऱ्याच कुणाचं चाललंय. म्हणूनच या रुग्णांना कफ जाणवो न जाणवो, ठरवून खोकायला शिकवतात.

---

भरती-ओहोटी

हे वाचून खोकल्याबद्दल आदर वाटायला लागला. काका, तुमचा गेला का पण?

---

तळटीप

गोळी बदलली तरी लगेच जात नाही. एक ते चार आठवडे लागतात, काहींना तीन महिनेही. मधल्या काळात मी खोकल्यावरच्या नव्या औषधांबद्दल वाचत बसलो. दुखावलेल्या पेशींतून एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) बाहेर सांडतं आणि मज्जातंतूंवरच्या पी-टू-एक्स-थ्री ग्राहीला डिवचतं; तो अडवणारं गेफापिक्संट नावाचं औषध निघालं आहे. जपानने २०२२ मध्ये त्याला मंजुरी दिली, अमेरिकेने नाकारली. अडचण अशी, की चवीच्या मज्जातंतूंवरही त्याच कुळातले ग्राही असतात. मोठ्या चाचण्यांत पूर्ण मात्रा घेणाऱ्या निम्म्याहून अधिक लोकांची चव बिघडली. खोकला जातो, चवही जाते. मी म्हटलं, थांबतो.

आज एकविसावा दिवस. काल रात्री अडीचला बायकोने मला गदागदा हलवून उठवलं. बराच वेळ खोकला ऐकू आला नाही, म्हणून घाबरली होती.